फाशीच्या लाकडाला सोनं

या खेपेला संपादकांनी जाडसर लिफाफा पाठवला. आत पाच पत्रं, पाचही खुर्सावरची, म्हणजे येशूच्या क्रुसावरची. ईस्टर, म्हणजे मेलेला येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला त्याचा सण, होऊन गेला की दरवर्षी एखाददुसरं येतंच. यंदा जत्रा जमली. सोबत चिठ्ठी : "तुम्ही एकतीस वर्षं कॉन्व्हेंटात शिकवलंत, तेव्हा तुम्हीच बघा." शिकवलं ते मराठी, ख्रिस्ती धर्मशास्त्र नव्हे, आणि मी ख्रिस्तीही नाही. म्हापशाच्या सोनाराची मुलगी आहे. माझ्या वडिलांनी आयुष्यात मंगळसूत्रं जेवढी घडवली, तेवढेच खुरीसही घडवले असतील. उत्तरं त्या बेताची समजावीत.

प्रश्न : मी डिचोली तालुक्यात शिक्षिका आहे. सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "टीचर, आंधळ्यांना डोळे देणाऱ्याला स्वतःच्या हातातले खिळे काढता आले नाहीत?" वर्गातल्या दोन ख्रिस्ती मुली खाली बघू लागल्या. मी नीलकंठाचं उदाहरण देऊन वेळ मारून नेली. बरोबर केलं का?

उत्तर : त्या मुलाला माझ्याकडून एक पेढा द्या. आणि त्या दोघी मुलींना सांगा की खाली बघायचं कारण नाही, हा प्रश्न बायबलातच आहे. बायबलात येशूची चार चरित्रं आहेत, मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची; त्यांना शुभवर्तमानं म्हणतात. मार्काच्या शुभवर्तमानात, पंधराव्या अध्यायात, येशू खुर्सावर असताना यहुद्यांचे मुख्य याजक आणि शास्त्री खाली उभे राहून आपसांत हसतात : याने दुसऱ्यांना वाचवलं, याला स्वतःला वाचवता येत नाही!

आपल्या गुरूचं चरित्र लिहायला बसलेला कुठलाही शिष्य हे वाक्य गाळून टाकील. मार्काने ते ठेवलं. का, ते कळायला त्यातला "येत नाही" जरा हातात घेऊन बघा. मराठीत "येता येत नाही" हे दोन वेळा म्हणतात. एक, पाय मोडलाय तेव्हा. दुसरं, पाय शाबूत आहेत, कदंबाची बस दारावरून जाते, लग्न सख्ख्या भाचीचं आहे, पण पोरगं तापाने फणफणलंय, तेव्हा. "मला येता येत नाही गं." त्या बाईला कुणी पांगळी म्हणत नाही. याजक पहिल्या अर्थाने बोलले आणि मार्काने वाचकाला दुसरा ऐकवला. दुसऱ्यांना वाचवायचं असेल तर स्वतःला वाचवता येत नाही; दोन्ही हाती धरता येत नाहीत. शिवाय येशू या नावाचाच मूळ अर्थ "परमेश्वर वाचवतो" असा आहे. म्हणजे टोमणा थेट नावावरचा.

ही त्या गोष्टीची तऱ्हाच आहे. येशूविषयी तिथे जे जे कुत्सितपणे म्हटलं जातं, ते ते सांगणाऱ्याच्या मते खरं असतं. सैनिक काट्यांचा मुकुट घालतात, जांभळा झगा चढवतात, "राजाचा विजय असो" म्हणून गुडघे टेकतात. त्यांची थट्टा चाललीय. ख्रिस्ती वाचकाला मात्र तो राज्याभिषेकच दिसतो. जमाव येशूऐवजी ज्याला सोडवून घेतो, त्या बरब्बाच्या नावाचा अर्थ "बापाचा मुलगा". आणि सगळ्यांवर कडी म्हणजे डोक्यावरची पाटी.

तिची गोष्ट आमच्या दुकानातली. खुर्सावर वरच्या टोकाला बोटभर सोडाच, नखाएवढी पट्टी बसवायची आणि तिच्यावर चार रोमी अक्षरं कोरायची : आय, एन, आर, आय. बाबा मराठी चौथी शिकलेले. कित्येक वर्षं त्यांना वाटायचं, हे ज्या कुटुंबाने पहिल्यांदा खुरीस करून घेतला त्यांच्या आडनावाचं काहीतरी असणार आणि बाकीचे नुसते नक्कल करतात. मी नोकरीला लागल्यावर शाळेतल्या सिस्टरना विचारून घरी सांगितलं : लॅटिनमधल्या चार शब्दांची पहिली अक्षरं, "नाझरेथचा येशू, यहुद्यांचा राजा". हा त्याच्यावरचा आरोप होता. योहान म्हणतो, रोमी सुभेदार पिलाताने ती पाटी हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत लिहवली. याजक तक्रार घेऊन गेले की "राजा" असं नका लिहू, "मी राजा आहे असं हा म्हणाला" असं लिहा. पिलात म्हणाला, लिहिलं ते लिहिलं. बाबांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्षं चार्जशीट कोरतोय."

त्यांनी एकदा गिऱ्हाइकालाही विचारलं होतं. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, दुकानात गर्दी. हळदोण्याकडची एक म्हातारी नातीच्या लग्नासाठी खुरीस सांगायला आली होती. मुलगा तारवटी, बोटीवरून पैसे पाठवलेले. बाबा बोलता बोलता बोलून गेले की खुरीस म्हणजे फाशीचंच लाकूड नव्हे काय, ते सोन्यात कशाला? आम्ही दोघी बहिणी आत बसून ऐकत होतो, आता म्हातारी उठून जाणार म्हणून श्वास धरला. ती शांतपणे म्हणाली, "म्हणूनच भांगराचो जाय, शेट." म्हणजे, म्हणूनच सोन्याचा हवा. कोकणीत भांगर म्हणजे सोनं आणि मराठीत भंगार म्हणजे मोड. दोन्ही भाषा घरात बोलणाऱ्या आम्हाला त्या वाक्यात जे ऐकू आलं, ते त्या म्हातारीच्या मनात नसेलही.

फाशीचं लाकूड हे बाबांनी काही वावगं म्हटलं नव्हतं. वधस्तंभ ही रोमन राज्यात गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा. स्पार्टाकस नावाच्या गुलामाचं बंड मोडल्यावर इसवी सनापूर्वी 71 मध्ये सहा हजार माणसं रोमकडे जाणाऱ्या एकाच रस्त्यावर अशी टांगली होती. रोमचा वक्ता सिसेरो म्हणायचा, क्रूस हा शब्दसुद्धा रोमन नागरिकाच्या कानावर पडू नये. यहुद्यांच्या शास्त्रात तर झाडाला टांगलेला माणूस शापितच. अशा माणसाला हे लोक देव म्हणू लागले. रोमच्या पॅलेटाइन टेकडीवर 1857 मध्ये भिंतीच्या गिलाव्यावर ओरखडलेलं एक चित्र सापडलं, साधारण इसवी सन 200च्या सुमाराचं मानतात. क्रुसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, खाली हात वर केलेला एक पोरगा, आणि ग्रीकमध्ये अक्षरं : अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो. येशूच्या क्रुसाचं आज हाती असलेलं हे बहुधा सर्वांत जुनं चित्र, आणि ते वर्गातल्या वात्रट पोराने भिंतीवर काढावं तसं! पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक पॉल याने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिताना हे आधीच कबूल केलं होतं की आमचा संदेश यहुद्यांना अडखळण आणि ग्रीकांना खुळेपणा वाटतो.

आता तुमचा नीलकंठ. वाईट नाही, जगावरचं विष स्वतःच्या गळ्यात घेतलं, इथपर्यंत जोडी जमते. पण शंकराने हालाहल घेतलं तेव्हा सगळे देव हात जोडून उभे होते. कुणी त्याला गुन्हेगार ठरवलं नव्हतं, कुणी थुंकलं नव्हतं आणि शंकराने "मला का टाकलंस" असं विचारलं नव्हतं. येशूने विचारलं. "एलोई, एलोई, लमा सबखथनी", माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस? मार्काचं सगळं पुस्तक ग्रीकमध्ये, पण हे वाक्य त्याने अरामी बोलीतच राहू दिलं, जसं कानावर पडलं तसं. हे बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं चरण आहे, आणि ते स्तोत्र पुढे स्तुतीत संपतं. म्हणून बरेच भाष्यकार सांगतात की येशू सगळं स्तोत्रच म्हणत होता, निराशा नव्हे. असेल. पण मरणाऱ्याच्या तोंडी स्तोत्राचं शेवटचं चरण न येता पहिलंच आलं, एवढं मला दिसतं.

मी आठवी-नववीला विरोधाभास अलंकार शिकवायचे, तेव्हा फळ्यावर त्या शब्दातल्या "आभास" खाली दोन रेघा ओढायचे. विरोध वरवरचा, आत अर्थ जुळलेला, तर अलंकार. नाही जुळला तर नुसती चूक. पाटी, मुकुट, "वाचवता येत नाही" ही सगळी अलंकाराची उदाहरणं म्हणून चालतील. ही हाक चालणार नाही. देवाचा पुत्र देवाला विचारतो, का सोडलंस. तिथला आभास मला कधी पुसता आला नाही, आणि ज्या ख्रिस्ती माणसांना तो चटकन पुसता येतो त्यांच्याशी माझं फारसं पटलंही नाही.

प्रश्न : येशू देव होता आणि तो मेला, तर तीन दिवस जग कोण चालवत होतं? आणि शुक्रवार संध्याकाळ ते रविवार पहाट हे तीन दिवस कसे होतात? (वास्को, कॉलेज विद्यार्थी)

उत्तर : दुसरा आधी. आजोबांचा दहावा, बारावा कसा मोजला घरच्यांना विचार. गेले तो दिवस पहिला. यहुदीही तसेच मोजत : शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन. तास मोजशील तर चाळिसाच्या आसपास भरतील.

पहिल्यावर चर्चने चारशे वर्षं भांडून घेतलंय. इसवी सन 451 मध्ये खाल्किदोनच्या परिषदेत शब्द ठरले : व्यक्ती एक, स्वभाव दोन, दैवी आणि मानवी, त्यांची सरमिसळ नाही आणि ताटातूटही नाही. मेला तो मानवी स्वभावाने. पण मेला कोण, तर तीच एक व्यक्ती. म्हणून "देव मेला" म्हणता येतं आणि "देवपण मेलं" म्हणता येत नाही. हे उत्तर आहे की कुंपण, असं विचारशील तर मी म्हणेन कुंपण. इकडे पडू नका, तिकडेही पडू नका, मधलं मोकळं आहे.

प्रश्न : येशूचा मृत्यू ही देवाचीच योजना असेल, तर त्याला धरून देणाऱ्या शिष्याने, जुदासने, ती पार पाडली. मग तो पापी कसा? आपल्या जय-विजयांसारखा तो विरोधभक्त म्हणावा काय? ता. क. : बापाला क्षमा करायला मुलाचं रक्त का लागतं? (फोंडा, निवृत्त बँक कर्मचारी)

उत्तर : ता. क. मध्ये बॉम्ब ठेवायची तुमची सवय जुनी दिसते.

जुदासपाशी एक क्रियापद आहे. ग्रीकमध्ये "पारादिदोमी", म्हणजे हवाली करणे, कुणाच्या तरी स्वाधीन करणे. जुदासने येशूला याजकांच्या हवाली केलं, तिथे हे क्रियापद. याजकांनी पिलाताच्या, पिलाताने सैनिकांच्या, तिथेही हेच. आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पॉल म्हणतो की देवाने स्वतःच्या पुत्राला राखून ठेवलं नाही, आपल्या सर्वांसाठी त्याला हवाली केलं. तेच क्रियापद! गलतीकरांच्या पत्रात येशू स्वतःच स्वतःला हवाली करतो. एकाच कामाचे तीन कर्ते : मित्र, बाप आणि तो स्वतः. मराठी भाषांतरांत कुठे "धरून दिलं", कुठे "दिलं", कुठे "स्वाधीन केलं" असं येतं, त्यामुळे ही गाठ आपल्याला दिसत नाही.

गाठ सोडवायचा प्रयत्न बायबल करत नाही, नुसती दाखवतं. मनुष्याचा पुत्र लिहिल्याप्रमाणे जातो खरा, पण ज्याच्या हातून धरून दिला जातो त्याला धिक्कार असो, असं मार्काच्या चौदाव्या अध्यायात येशूच म्हणतो. एकाच श्वासात दोन्ही. तुमच्या खात्यात जमा आणि नावे दोन्हीकडे तीच रक्कम, आणि खातं जुळलेलं नाही.

जय-विजयांना मात्र मी इथे आणणार नाही. त्यांना शापाबरोबर मुदत आणि परतीचं तिकीट मिळालं होतं : भक्त म्हणून सात जन्म की वैरी म्हणून तीन, आणि त्यांनी लवकर परतायचं म्हणून तीन घेतले. जुदासला कुणी असा करार लिहून दिला नव्हता. तुमच्यासारखा विचार करणारे मात्र फार पूर्वीही होते. जुदासच्या नावाचं, इजिप्तच्या जुन्या कॉप्टिक भाषेतलं एक शुभवर्तमान 2006 मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात जुदास हाच सगळ्यांत जाणता शिष्य आहे. ल्यों शहराचा बिशप इरेनेयुस इसवी सन 180च्या सुमारास अशा एका पुस्तकावर रागावलेला आहे. चर्चने ते मानलं नाही.

बँकेतल्या माणसाला आवडेल असं एक सांगते. जुदासला पश्चात्ताप झाला, तीस नाणी मंदिरात फेकून तो गेला. ज्यांनी ती नाणी देऊन माणूस विकत घेतला होता, त्यांनीच आता हिशेबाची पंचाईत काढली : हे रक्ताचे पैसे, भांडारात जमा करणं शास्त्राला धरून नाही! मग कुंभाराचं शेत घेतलं. हीच मंडळी त्याच पहाटे पिलाताच्या वाड्यात पाऊल टाकत नव्हती, सणाचं सोवळं मोडेल म्हणून. आपल्याला हसायला काही हक्क नाही, आपल्या घरांत याहून बारीक सोवळी पाळून मोठी पापं झालीत. आणि एक : या याजकांवरून पुढे युरोपात अख्ख्या यहुदी समाजाला शतकानुशतकं देवाचे मारेकरी म्हणून छळलं. शिक्षा रोमन होती, हुकूम पिलाताचा होता. त्या पापाचं ओझं सरसकट यहुद्यांवर टाकता येत नाही, हे कॅथलिक चर्चने अधिकृतपणे लिहायला 1965 साल उजाडलं.

जुदासविषयी माझं स्वतःचं म्हणणं एवढंच : त्याने घाई केली. त्याच रात्री पेत्र या दुसऱ्या शिष्याने तीनदा "मी त्याला ओळखत नाही" म्हटलं होतं, तोही विश्वासघातच की. पेत्र रडला आणि राहिला. मत्तयाच्या सांगण्याप्रमाणे जुदासने शुक्रवारीच गळफास घेतला. रविवारपर्यंत थांबला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मी एकदा एका पाद्रींना विचारला. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग चहा घेणार का म्हणाले.

ता. क. चं उत्तर : परिषदांनी देव-मानव ठरवताना शब्द अन् शब्द तोलला, पण क्रुसामुळे सुटका नेमकी कशी होते यावर कुठल्याही सार्वत्रिक परिषदेने एकच एक सिद्धान्त बांधून दिला नाही. जुन्यांना वाटे ती सैतानाला दिलेली खंडणी. कँटरबरीच्या आन्सेल्म या धर्मशास्त्र्याने 1098च्या सुमारास मांडलं की पापाने देवाचा मान बुडाला, ते ऋण माणसाने फेडायचं पण माणसाची ऐपत नाही, ऐपत फक्त देवाची. म्हणून देव-माणूस हवा. त्याच्या मागोमागचा धर्मशास्त्री आबेलार म्हणाला, फेड कसली, ते प्रेम बघून माणूस विरघळावा म्हणून. आन्सेल्मचा युक्तिवाद सावकाराच्या वहीसारखा चोख आहे आणि मला तो कधी गिळवला नाही. पण ख्रिस्ती माणूस तुम्हाला अडवून म्हणेल, बापाने तिसऱ्याच कुणाचं रक्त मागितलं असं तुम्ही धरून चाललात; आमच्या लेखी मागणारा आणि देणारा एकच. मग वरच्या वास्कोच्या मुलाच्या उत्तरातलं कुंपण परत येतं.

प्रश्न : ज्या दिवशी मारलं त्या दिवसाला "गुड" का म्हणतात? (मडगाव)

उत्तर : इंग्रजीत त्या "गुड"चा जुना अर्थ पवित्र असा आहे, बरा-वाईटातला बरा नव्हे. जर्मन लोक शोकाचा शुक्रवार म्हणतात, पोर्तुगीज पवित्र शुक्रवार. पण दुसऱ्या दिवशी रात्री, ईस्टरच्या जागरणात, मोठी मेणबत्ती पेटवून जे लॅटिन स्तोत्र गातात त्यात आदामाच्या पापाला चक्क "फेलिक्स कुल्पा" म्हटलंय. धन्य तो अपराध, ज्यापायी असा तारणारा लाभला! म्हणजे गुन्ह्याचंही अभिनंदन. त्यापुढे दिवसाला चांगला म्हणणं काहीच नाही.

त्या दिवसाचं चांगलं मी एकदा जवळून पाहिलंय. शेजारची बाई मला बार्देशातल्या त्यांच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, घेऊन गेली. गुरुवारपासून घंटा बंद, तिच्या जागी मात्राक नावाचं लाकडी यंत्र, हाताने फिरवलं की हाडं खडखडावीत तसं वाजतं. वेदी उघडी, फुलं नाहीत, कापड नाही. वर्षातून हाच एक दिवस मिस्सा होत नाही. येशूच्या बलिदानाचा दिवस, आणि त्याच दिवशी त्या बलिदानाचा विधी नाही.

मग देवाला खुर्सावरून उतरवायचा कार्यक्रम. पुरुषभर उंचीची मूर्ती, खांद्यांत सांधे असलेली. दोघे शिड्या लावून चढले. एकेक खिळा काढायचा, ताटात ठेवून खाली दाखवायचा. उजव्या हाताचा खिळा निघाला आणि तो हात हळूच, मूर्तीचा हात उतरावा तसा नव्हे, झोपलेल्या माणसाचा पडावा तसा खाली लोंबला. सगळ्या इगर्जीतून एकच आवाज निघाला, शब्द नाही. चढलेल्यांपैकी एकाने तो हात आपल्या खांद्यावर घेतला, दुसऱ्या हाताकडे वळताना तो आपटू नये म्हणून.

मला आमचं दुकान आठवलं. सोन्याच्या खुर्सावर "क्रिस्त", म्हणजे येशूची आकृती, वेगळा ओतलेला असतो, आणि तो तीनच ठिकाणी झाळायचा : दोन तळवे आणि जुळलेली पावलं. टाकणखार लावून फुंकणीने ज्योत नेमकी त्या टिंबावर धरायची. मी दहा वर्षांची असताना एकदा बाबांची फुंक जरा लांबली आणि क्रिस्ताचा काडीएवढा दंड वितळून गोळा झाला. सोनं काही वाया जात नाही, परत ओतलं की झालं. पण बाबांचा चेहरा उतरला. त्या संध्याकाळी त्यांनी आमच्याच देवांपुढे दिवा लावताना कान धरले. आईने विचारलं कशाबद्दल, तर म्हणाले, हात दुखवला.

प्रश्न : ज्या खुर्साच्या नावाने आमची देवळं मोडली आणि इन्क्विझिशनचं धर्मन्यायासन चालवलं, त्याचं कौतुक मराठी मासिकात कशाला? (नाव नाही)

उत्तर : मराठीत कशाला, याचं उत्तर सोपं आहे. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण 1616 मध्ये साष्टीतल्या राशोलला छापलं गेलं, येशूच्या मरणासकट सगळी कथा मराठी ओव्यांत. इंग्लंडहून आलेल्या माणसाने लिहिलं, रोमी लिपीत. तेव्हा ही गोष्ट मराठीत गोव्यातच चारशे वर्षं मुरलेली आहे.

बाकीचं पत्र मात्र सोपं नाही, आणि तुमचा राग मी खोटा म्हणणार नाही. 1560 मध्ये इन्क्विझिशन आलं, त्याच वर्षी कुशस्थळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळला न्यावा लागला. मधली चार वर्षं सोडली तर ते न्यायासन 1812पर्यंत टिकलं. त्याच्या निशाणावर मधोमध खुरीस, एका बाजूला तलवार, दुसऱ्या बाजूला ऑलिव्हची डहाळी. ज्याला राज्याने टांगून मारलं, त्याचीच खूण राज्याने हातात धरली. या सदरातल्या बाकी सगळ्या विरोधांना मी आभास म्हणेन, याला म्हणणार नाही. ही सरळ विसंगती आहे, आणि ती देवाची नाही, माणसांची आहे.

पण तुम्ही पणजीला फोंताइन्यासमध्ये संत सेबास्तियनच्या चॅपेलात जाऊन या. तिथे वेदीवरचा मोठा खुरीस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातला आहे. 1812 मध्ये न्यायासन बंद झाल्यावर तो पणजीच्या राजवाड्यात आणला आणि 1918 मध्ये या चॅपेलात. एरवी क्रिस्ताची मान कलंडलेली आणि डोळे मिटलेले असतात. बाबांच्या साच्यातही तसेच होते. याची मान ताठ आहे आणि डोळे उघडे. आरोपीला धाक बसावा म्हणून तसे केले, असं सांगतात. मी एका जुन्या विद्यार्थिनीबरोबर गेले होते. तिने मोबाइलवर फोटो काढला, मोठा करून बघितला आणि म्हणाली, "टीचर, हा रागावलेला दिसत नाही हो."

मलाही तसंच वाटलं. आणि मग त्या जागेचा विचार आला. खाली आरोपी उभा. त्याला धर्माच्या न्यायासनाने पाखंडी ठरवायचं. जीव मात्र धर्माने घ्यायचा नाही, कारण हात रक्ताने माखता कामा नयेत. म्हणून दोषी ठरवून त्याला सरकारच्या हवाली करायचं, जाळायचं काम सरकारचं. मागे वर टांगलेला तो कोण? त्याच्यावर याजकांच्या सभेने देवनिंदेचा आरोप ठेवला, आणि मग त्याला पिलाताच्या हवाली केलं. फोंड्याच्या बँकवाल्यांना सांगितलेलं क्रियापद तेच. अडीचशे वर्षं इन्क्विझिटर त्या खुर्साखाली बसून ते क्रियापद वापरत होते आणि कुणाला मान वर करून बघायचं सुचलं नाही. सुचलं असेल तर कागदावर आलं नाही.

पाकिटावर म्हापसा पोस्टाचा शिक्का आहे, म्हणजे आपण गाववाले. चॅपेल एरवी बंद असतं, मिस्साच्या वेळी उघडतं. चौकशी करून जा. बस स्टँडवरून मळ्यातून पायी दहा-पंधरा मिनिटं लागतात, गल्ली अरुंद आहे, छत्री मिटूनच चालावं. मागच्या बाकावर बसलं तर कोण, कुठले, असं कुणी विचारत नाही. मला तरी विचारलं नाही.